बेथ चॅटो आणि पाणी न घातलेली बाग

मुकुंदराज-दासोपंतांच्या या अंबाजोगाईत एका इंग्रज बाईंच्या बागेवर तासभर बोलायचं, तर आधी कारण सांगायला हवं. कारण पावसाचं आहे.

बेथ चॅटो यांची बाग इंग्लंडच्या पूर्वेला, एसेक्स परगण्यात, कोल्चेस्टर शहराजवळच्या एल्मस्टेड मार्केट या गावी आहे. इंग्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बारमाही रिमझिम येते. पण हा त्या देशातला कोरडा कोपरा. वर्षभराचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे २० इंच. मराठवाड्यात नुसत्या जून ते सप्टेंबरची सरासरी पावणेसातशेच्या घरात जाते. त्या कोरड्या कोपऱ्यात बाईंनी १९९१-९२ साली, जिथे गाड्या उभ्या राहायच्या त्या जागेवर बाग केली. लावणीच्या वेळी पाणी दिलं तेवढंच, त्यानंतर नाही. ती बाग आज तीस वर्षांनंतरही फुलते आहे आणि आजही तिला कुणी पाणी घालत नाही.

लगेच मनात येईल, तिकडचं ऊन ते काय ऊन! बरोबर आहे. त्यांचा पाऊस बारा महिने थोडा थोडा येतो, आपला चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने आपण आभाळाकडे बघतो. त्यांचा उन्हाळा आपल्या पौषातल्या दुपारीसारखा. म्हणून त्यांनी कोणती झाडं लावली ती यादी मी इथे वाचून दाखवणार नाही, तिचा आपल्याला फारसा उपयोग नाही. त्या ज्या रीतीने त्या यादीपर्यंत पोचल्या, ती रीत मला मोलाची वाटते. त्यासाठी मी आज उभी आहे.

बेथचा जन्म २७ जून १९२३ चा. वडील गावातले पोलीस, आईवडील दोघांनाही बागेची आवड. बेथने शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि विसाव्या वर्षी, १९४३ मध्ये, अँड्र्यू चॅटो यांच्याशी लग्न केलं. अँड्र्यूंचे आजोबा लंडनमधल्या एका नामांकित प्रकाशनसंस्थेचे संस्थापक, पण अँड्र्यू स्वतः फळबागायतदार. सफरचंदांची बाग होती. त्यांचं खरं मन मात्र दुसरीकडे होतं. बागेतलं प्रत्येक झाड मुळात कुठून आलं, तिथे ते कुणी न लावता कसं वाढतं, शेजारी कोण असतं, माती कसली, पाऊस केव्हा, हे सगळं त्यांनी आयुष्यभर धुंडाळलं आणि टिपून ठेवलं. आज आपण त्याला परिस्थितिकी म्हणतो. त्या काळी हौशी बागवाल्यांपैकी फार थोडे असा विचार करत. गुलाब हवा म्हणजे हवा, जमीन त्याला मानवत नसेल तर जमीन बदला, खत ओता, पाणी ओता, अशी तेव्हाची चाल होती. आपल्याकडे ती अजून आहे.

बेथबद्दल लिहिणारे अँड्र्यूंचा उल्लेख एका ओळीत करून पुढे जातात. मला तसं करवत नाही. नवऱ्याने शोधायचं आणि बायकोने ते मातीत उतरवायचं, आणि मग शब्दांत मांडायचं, अशी ही जोडी होती. बाईंनी स्वतः हे ऋण वारंवार, मोकळेपणाने सांगितलं आहे.

१९६० मध्ये त्यांनी आपल्या शेताच्या कडेला घर बांधलं. जागा निवडली ती अशी, की जिच्यात पीक घेणं परवडत नव्हतं म्हणून पडीक राहिलेली. काटेरी झुडपं, वाळुंज, ब्लॅकबेरीच्या जाळ्या. वरच्या अंगाला वाळू आणि बारीक गोटे, पाणी टाकलं की गुडूप. मधल्या खोलगट भागात झऱ्याच्या पाण्यावर वाहणारा ओहोळ आणि पाय रुततील असा चिखल. एका बाजूला जुन्या ओक वृक्षांची दाट सावली. एकाच मालकाच्या तुकड्यात तीन तऱ्हेच्या जमिनी. दुसऱ्या कुणी बुलडोझर बोलावून सगळं एकसारखं करून घेतलं असतं. यांनी ओहोळाला बांध घालून तळी केली आणि काठाला पाण्यावर प्रेम करणारी मोठ्या पानांची झाडं लावली. वरच्या वाळूत भूमध्य समुद्राकाठच्या उघड्या टेकड्यांवरची झाडं आणली. सावलीत जंगलाच्या पोटात वाढणारी. कुणाला कुठे राहायला आवडतं एवढंच विचारलं.

हे ऐकताना आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या बायकांना काही ओळखीचं वाटेल. माळवदाच्या घरामागचं परस आठवा. न्हाणीचं सांडपाणी जिथून बाहेर पडायचं तिथे अळू, कर्दळ, जमलं तर केळीचं खुंट. आडाजवळ, जिथे घागर भरताना पाणी सांडायचं, तिथे मोगरा नाहीतर जाई. दारात तुळस, कारण तिला रोज तांब्याभर पाणी ठरलेलं. आणि जिथे कुणाचा हात पोचत नाही त्या पांढरीच्या भिंतीकडेला कोरफड, कण्हेर, शेवगा. गुलबक्षी तर कुणी लावलेलीही नसायची. उन्हाळ्यात वरून वाळून जायची, जमिनीखालचा कंद जिवंत, मृगाचा पाऊस पडला की पुन्हा हजर. घागरीने पाणी आणणाऱ्या बाईला पाण्याची किंमत सांगावी लागत नव्हती. तिने वापरलेलं एकही पाणी वाया गेलेलं दिसत नाही. बेथ चॅटोंनी जे पुस्तकांतून मांडलं, त्यातला एक मोठा भाग या बायकांच्या हातात होता. फरक एवढाच, की आपल्याकडे तो कुणी लिहून ठेवला नाही, आणि नळ आले, बोअर आले, तसा तो दोन पिढ्यांत पुसत गेला. न लिहिलेलं ज्ञान किती लवकर जातं याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आता त्यांच्या लिहिण्याकडे येते.

बाई थेट लेखिका झाल्या नाहीत. आधी त्या फुलांच्या रचना करायला आणि शिकवायला लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पुष्परचनेची मंडळं निघाली, कोल्चेस्टरच्या मंडळात त्या सुरुवातीपासून. जपानी पद्धतीच्या रचनेतला असमान बाजूंचा त्रिकोण त्यांनी तिथे आत्मसात केला आणि पुढे तोच बागेत आणला. एक उंच, एक मध्यम, एक जमिनीला बिलगलेलं. फूल गेल्यावरही पान आणि आकार उरले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह तिथूनच आला. दुसरे गुरू सेड्रिक मॉरिस. चित्रकार, आयरिस या फुलझाडाच्या नव्या जाती तयार करणारे, सफोकमधल्या बेंटन एंड या घरी चित्रकलेची शाळा चालवणारे. त्यांच्या बागेत रानातल्या मूळ जाती असायच्या, कलमी थाटमाट कमी. बेथ तिथून रोपं, कंद, बिया घेऊन यायच्या.

१९६७ मध्ये त्यांनी रोपवाटिका सुरू केली, नाव ठेवलं ‘अनयूज्वल प्लांट्स’. बाजारात न मिळणारी झाडं. लंडनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनांत त्यांनी ती मांडायला सुरुवात केली, तेव्हा हे तर तण आहे, हे बाद करा, असा सूर एका परीक्षकाने लावला होता, अशी आठवण सांगितली जाते. पुढे त्याच सोसायटीच्या चेल्सीच्या प्रदर्शनात १९७७ ते १९८७ या काळात त्यांना १० सुवर्णपदकं मिळाली. पदकांचं मला तितकं नाही. ज्याला शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात तण म्हटलं गेलं ते तिथेच, त्याच मंडपात, लोकांनी डोळे भरून पाहिलं, याचं आहे. आपल्या माळावरच्या झाडांना असा मंडप कधी मिळेल?

१९७२ चा दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्यानंतर चार वर्षांनी, १९७६ मध्ये, इंग्लंडमध्ये त्यांच्या मानाने भीषण दुष्काळ पडला. रस्त्यावरच्या नळांवर लोक भांडी घेऊन रांगेत उभे राहिले. सरकारला दुष्काळासाठी वेगळा मंत्री नेमावा लागला. हिरवळी पिवळ्या पडल्या. १९७८ मध्ये बेथ चॅटो यांचं पहिलं पुस्तक आलं, ‘द ड्राय गार्डन’. कोरड्या जमिनीत बाग कशी करावी, याच एका विषयावर. चार वर्षांनी, १९८२ मध्ये, ‘द डॅम्प गार्डन’, ओलीची बाग. वाळू आणि चिखल, घराच्या दोन बाजूंच्या दोन जमिनींवर दोन पुस्तकं.

त्यांचं गद्य साधं आहे आणि त्यात हात मळलेले दिसतात. झाडाचं पान कसं आहे हे सांगताना ते तसं का आहे तेही सांगतात. पानावर पांढरी लव असेल तर ती ऊन परतवते आणि वाऱ्याला पानाच्या अंगाला लागू देत नाही. पान मेणचट असेल तर ओल आत कोंडून राहते. पान बारीक असेल तर पाणी उडून जायला जागाच कमी. काही पानं चुरगळली की सुगंध येतो, त्या तेलाचाही त्यात वाटा. एकदा हे वाचलं की झाड नुसतं शोभेचं राहत नाही, ते कुठून आलं आणि काय सोसून आलं ते त्याच्या अंगावर वाचता येतं. त्यांच्या रोपवाटिकेची यादीसुद्धा याच भाषेत लिहिलेली असायची. किंमत आणि नाव छापून मोकळं व्हायचं, असं त्यांनी केलं नाही. वर्गात शिकवणारी बाई त्यांच्या लिहिण्यात शेवटपर्यंत जागी होती.

आता ती पाणी न घातलेली बाग. तिच्यावर त्यांनी २००० मध्ये वेगळं पुस्तक लिहिलं, पण ती कशी केली ते मला जरा सावकाश सांगायचं आहे.

वर्षानुवर्षं गाड्यांच्या चाकांखाली दबलेली जमीन. वर खुरटं गवत, खाली पिवळी वाळू आणि गोटे. पहिलं काम म्हणजे ती खोलवर फोडून घेतली, मुळं खाली जावीत म्हणून. मग कंपोस्ट मिसळलं. वाफ्यांचे आकार ठरवायला कागद-पेन्सिल घेतली नाही. पाण्याच्या रबरी नळ्या जमिनीवर टाकल्या आणि त्या इकडे-तिकडे सरकवून वळणं ठरवली. न्यूझीलंडमध्ये त्यांनी एक आटलेल्या नदीचं पात्र पाहिलं होतं, ते मनात होतं. गोट्यांची वाट मधून नदीसारखी वाहते आणि झाडं काठाला, काही पात्रातही. रोपं लावण्याआधी बादलीत बुडवून मुळांपर्यंत भिजवली. लावली. पाणी दिलं. वर बारीक खडीचा थर पसरला. आणि मग हात बांधून बसल्या.

हात बांधून बसणं सर्वांत कठीण. १९९५ चा इंग्लंडचा उन्हाळा फार कोरडा गेला. झाडं माना टाकताना रोज दिसत होती, नळी हाताशी होती. त्यांनी ती उचलली नाही. जे तगेल ते या जागेचं, जे तगणार नाही ते इथे पुन्हा लावायचं नाही. यात मला कठोरपणा दिसत नाही. दर उन्हाळ्यात जिला सलाईन लावून जगवावं लागतं, अशी बाग त्यांना लोकांपुढे ठेवायची नव्हती. कारण लोकांच्याही नळाला पाणी नसणार हे त्यांना कळत होतं.

२०१६ चा एप्रिल आठवा. मांजरा धरण कोरडं. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. इथून लातूर किती लांब? तासा-दीड तासाचा रस्ता. आणि त्या पाण्याच्या आठवणी ताज्या असतानाच आपल्या गावांत मंगल कार्यालयांपुढे, नव्या वसाहतींत, कचेऱ्यांच्या आवारात पुन्हा लॉन आलं. लॉनला आपल्या उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. एवढं करून त्यावर फुलपाखरू बसत नाही की पाखरू घरटं करत नाही. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आपल्या बालाघाटाच्या मुरमाड माळावर जा. अंगठाभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तिथे तरवड उभा असतो. त्याच्याजवळ बसून बघा. पान बारीक बारीक पानोळ्यांचं, रात्री मिटणारं. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही. सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य इतकं, की चामडं कमावायला पिढ्यानपिढ्या ती वापरली. आणि फुलं कशी! हळदीच्या रंगाचे झुपके, नवरात्रात घटाच्या माळेला ओवतात ते. याला कुणी पाणी घातलं? बेथ चॅटो इथे जन्मल्या असत्या तर त्यांनी गाड्यांच्या तळावर पहिला तरवड लावला असता, असं मला खात्रीने वाटतं. त्याच्या मागे शेवगा आणि आपटा, कोपऱ्यात सीताफळ, बीडच्या सीताफळाला तर आता भौगोलिक मानांकनही आहे, पुढे कोरफड, मधूनमधून सदाफुली, आणि वाऱ्यावर हलायला माळावरचीच गवतं. कुसळी मात्र वाटेपासून लांब, लुगड्या-धोतरांची काळजी म्हणून.

त्यांची एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलू नये. खडीचा थर. तिकडच्या मवाळ उन्हात तो ओल धरतो. आपल्याकडे ४२ अंशांत उघडी खडी तव्यासारखी तापते आणि कोवळ्या रोपांची साल भाजते. झाडांनी सावली धरेपर्यंत पालापाचोळा, सोयाबीनचं भुसकट, तुरीच्या काड्या, जे घरचं असेल ते पसरावं. वाळवीवर लक्ष ठेवावं लागतं, तेवढंच. लावणीही त्यांच्या दिवसांत करू नये. आपला हंगाम मृगाचा, पहिले दोन चांगले पाऊस झाले की. पहिल्या वर्षाचा उन्हाळा रोपाला थोडं पाणी लागेलच, मडक्याला वातीचं भोक पाडून शेजारी पुरलं तरी भागतं. दुसऱ्या वर्षापासून हात आखडता घ्यायचा.

एका मैत्रीबद्दल सांगायचं राहिलं. क्रिस्टोफर लॉइड हे ग्रेट डिक्स्टर या बागेचे मालक, नामवंत बागलेखक आणि मोठे फटकळ. त्यांनी बर्गेनिया नावाच्या झाडाला नावं ठेवली. बेथना ते पटलं नाही. ओळखपाळख नसताना पत्र लिहून त्यांनी तसं कळवलं. लॉइडनी त्यांना जेवायला बोलावलं. तिथून जुळलेलं नातं लॉइड २००६ मध्ये जाईपर्यंत टिकलं. दोघांची मतं क्वचितच एक. बेथ शांत रंगांच्या, लॉइड भडक रंगांचे. बेथ जागेला विचारणाऱ्या, तर लॉइडनी इंग्लंडच्या थंडीत जुनी गुलाबबाग काढून केळी आणि कर्दळी लावलेल्या. दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं १९९८ मध्ये ‘डिअर फ्रेंड अँड गार्डनर’ या नावाने पुस्तकरूपाने आली. त्यांत बाग आहे, तसं स्वयंपाकघर आहे, पाहुणे आहेत, संगीत आहे, दुखणं आहे. दोन माणसं इतकं वेगळं बघतात आणि एकमेकांना कमी लेखत नाहीत. मला बाईंच्या सगळ्या पुस्तकांत हे पुस्तक सर्वांत जवळचं आहे.

१९९९ मध्ये अँड्र्यू गेले. ते बरीच वर्षं आजारी होते आणि या सगळ्या काळात बाई रोपवाटिका, लेखन, पाहुणे आणि आजारपण एकटीने सांभाळत होत्या. २००२ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा ओ.बी.ई. हा सन्मान मिळाला. २०१५ मध्ये त्यांच्या नावाचा शिक्षणन्यास स्थापन झाला, त्यात शाळेतल्या मुलांनाही झाडं आणि जमीन यांचं नातं शिकवतात. १३ मे २०१८ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. बाग आता नात बघते.

जुलै २०२२ मध्ये इंग्लंडच्या इतिहासात पहिल्यांदा पारा ४० अंशांच्या वर गेला. त्यानंतर तिकडच्या बागवाल्यांचं लक्ष त्या जुन्या गाडीतळाकडे नव्याने वळलं. तिकडची हवा आपल्या दिशेने सरकते आहे आणि आपली आणखी पुढे. अशा वेळी कृषी विद्यापीठातल्या, महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: आपल्या आज्यांनी परसात काय, कुठे आणि का लावलं होतं, हे त्यांना विचारून लिहून काढा. झाडाचं गावातलं नाव, जागा, पाणी कुठून मिळायचं, उन्हाळ्यात काय व्हायचं. एका वहीत एक परस. औषधी उपयोगांच्या याद्या बऱ्याच झाल्या, जागेच्या याद्या झालेल्या नाहीत. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या बायकांचं बागशास्त्र त्यांच्या नावानिशी कागदावर आलं पाहिजे.

आणि आवारात काही लावण्याआधी ते आवार दोनदा नीट बघा, एकदा एप्रिलमधल्या भर दुपारी आणि एकदा ऑगस्टमध्ये सलग तीन दिवस पाऊस झाल्यावर. पाणी कुठे थांबतं, कुठून पळतं, सावली कुठवर येते. मी आज माळाबद्दल बोलले. काळ्या रानाचा स्वभाव उलटा आहे. ते पावसाळ्यात फुगून मुळं कुजवतं आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळं तोडतं. तिथे तरवड चालेल का, कडुनिंब किती अंतरावर लावावा, वाफा उंच करावा का, हे प्रश्न गंगाखेड-परभणीकडून आलेल्या मंडळींच्या चिठ्ठ्यांत दिसत आहेत. ते आता एकेक करून घेऊ.